कडेची नजर

राजरत्नचा डावा डोळा खोटा होता. तो दोन वर्षांचा असताना मुंबईच्या सरकारी दवाखान्यात डोळा काढावा लागला, एवढंच त्याला ठाऊक होतं. का काढावा लागला, याचं घरातलं उत्तर एकच होतं. काजळ. त्याची आई अंजना रोज आंघोळ घातल्यावर करंगळीने त्याच्या डोळ्यांत काजळ घालायची. एक दिवस डोळ्यात पांढरं दिसायला लागलं, मग डोळा सुजला, आणि शेजारणी म्हणाल्या, नखाचं विष उतरलं. अंजनाने कोणाशी वाद घातला नाही. काजळाची डबी फेकून दिली आणि पुढे कोणाच्याही लेकराच्या डोळ्याला बोट लावलं नाही.

राजरत्न मोठा झाला आणि वडिलांसारखाच अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागला. वडील शिवराम हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर होते. राजरत्नला एका डोळ्यामुळे मशीनवर घेतलं नाही, स्टोअरच्या ऑफिसात बसवलं. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या मायाचं स्थळ आलं, तेव्हा बघण्याच्या कार्यक्रमातच तिने सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्हाला या बाजूने दिसत नाही ना?" तो हो म्हणाला. ती उठली आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. लग्न ठरलं ते तिथेच.

दोन हजार साली त्यांना मुलगी झाली. विहारात नाव ठेवलं, मैत्रेयी.

मैत्रेयी सात महिन्यांची असताना एका दुपारी अंजना तिला मांडीवर घेऊन क्वार्टरच्या दारात बसली होती. ऊन बाजूने येत होतं. पोरीने मान वळवली आणि तिच्या उजव्या डोळ्यात काहीतरी पांढरं चमकलं, मांजराच्या डोळ्यात चमकतं तसं. अंजनाने तिला पुन्हा उन्हाकडे वळवलं. पुन्हा चमकलं.

माया आत कपड्यांच्या घड्या घालत होती. "माया, कपडे राहू दे," अंजना म्हणाली. "बाळाची पिशवी भर. दवाखान्यात जायचंय."

"काय झालं आई? ताप आहे?"

"ताप नाही. मी हे आधी बघितलंय."

फॅक्टरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि दुसऱ्याच दिवशी सगळे मुंबईला डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. तिथल्या डॉ. पेठे हळू आवाजात बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी मैत्रेयीला गुंगी देऊन दोन्ही डोळे तपासले, बाहेर आल्या आणि आधी राजरत्नकडेच बघत राहिल्या.

"तुमचा डोळा कधी काढला?"

"लहानपणी. काजळाने खराब झाला होता."

"कोण म्हणालं काजळाने?"

अंजना खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "मी घालायचे," ती म्हणाली. "या करंगळीने."

डॉक्टरांनी उठून तिला खुर्चीत बसवलं. "आजी, काजळाने हे होत नाही. हा डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर आहे. लहान मुलांनाच होतो. तुमच्या मुलालाही हाच झाला असणार. तो पोटात असतानाच ते त्याच्या अंगात होतं. तुम्ही काजळ घातलं असतं काय, नसतं घातलं काय, डोळा जाणारच होता."

अंजनाने पदर तोंडाला लावला. ती रडली नाही. तिने हात मांडीवर उताणा ठेवला आणि स्वतःच्या करंगळीकडे बघत बसली.

मग डॉक्टर राजरत्नला समजावू लागल्या. काहींच्या बाबतीत हा आजार रक्तातून पुढच्या पिढीत जातो. तुमच्या मुलीला तो तुमच्याकडून आलाय. यापुढे तुम्हाला जे मूल होईल, त्याला होण्याची शक्यता अर्धी. राजरत्न सगळं ऐकून घेत होता. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "आता काय करायचं?"

उजव्या डोळ्यात गाठीशिवाय काही उरलं नव्हतं. तो काढायचा. डाव्या डोळ्यात तीन गाठी होत्या, दोन बारीक आणि एक जरा मोठी, पडद्याच्या मधोमध. तो वाचवायचा प्रयत्न करायचा. शिरेतून औषधं द्यायची आणि त्याच्या जोडीला लेसरने गाठींना उष्णता द्यायची.

"डोळा कापायचा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बाहुलीतूनच लेसर आत सोडायचा. गाठ जाळायची नाही, हळूहळू तापवायची. एका वेळी होत नाही, पुन्हा पुन्हा द्यावं लागतं."

शिवराम मागे उभे राहून ऐकत होते. सगळी नोकरी भट्टीवर काढलेली, त्यांना राहवलं नाही. "ताव किती देता, डॉक्टर?"

डॉक्टर हसल्या. "भट्टीएवढा नाही, बाबा. खूप कडक ताप चढल्यावर अंग तापतं, त्याच्यापेक्षा थोडा जास्त."

"मग वेळ लागत असेल."

"लागतो. घाई करून चालत नाही."

शिवरामांनी मान डोलावली. त्या एका उत्तराने त्यांचा त्या बाईंवर विश्वास बसला तो बसला.

माया मात्र दुसरंच विचारत होती. "तिला दिसेल ना?"

डॉक्टर तिच्याकडे वळल्या. "गाठ मरेल अशी आशा आहे. जिथे गाठ आहे तिथे डाग राहणार. तो डाग कधी कधी वर्षानुवर्षं सावकाश पसरतो. कडेने गाठ पुन्हा डोकंही काढू शकते. ही पद्धत अजून नवी आहे, माया. पुढे वीस वर्षांनी काय होतं ते सांगायला, हे उपचार घेऊन मोठी झालेली मुलंच अजून आमच्याकडे नाहीत. तुम्ही येत राहा. आपण बरोबरच बघू."

ते येत राहिले. आधी दर महिन्याला, मग अंतर वाढत गेलं. गुंगी द्यायची म्हणून मैत्रेयीला पहाटेपासून उपाशी ठेवावं लागायचं. मायाने त्या दिवसांसाठी गाणी रचून ठेवली होती, भाकरीचं नाव न येणारी, दुधाचं नाव न येणारी. दुसऱ्या वर्षी मधल्या डागाच्या कडेला खरंच एक बारीक गाठ वर आली. पुन्हा उष्णता दिली. ती गाठ बसली आणि पुढे शांत राहिली.

राजरत्न सगळं करायचा. रजा, औषधं, फॅक्टरीतले कागद, कशातही चुकला नाही. पोरीला ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत तोच उचलून न्यायचा. पण मायाच्या एक गोष्ट लक्षात आली होती. मैत्रेयी जवळ आली की तो तिला उचलून घ्यायचा, पाठीवर थोपटायचा, आणि बघायचा भिंतीकडे. तिच्या चेहऱ्याकडे त्याला बघवत नव्हतं.

एकदा त्याने मायाला सांगून टाकलं, "आपल्याला दुसरं नको."

मायाने त्याला हो म्हटलं नाही.

मैत्रेयी चालायला लागली, बोलायला लागली, घरभर पळायला लागली. तिला दिसतंय हे कळत होतं, पण किती आणि कसं, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. एवढ्याशा पोरीला विचारणार तरी काय? जे दिसतं तेच तिला सगळं वाटत होतं.

पहिलीत असताना वर्गशिक्षक हिंदुराव सरांनी राजरत्नला शाळेत बोलावून घेतलं. एक डोळा खोटा आहे हे शाळेला माहीत होतं. सरांची तक्रार वेगळी होती. "पोरगी हुशार आहे, पण उद्धट आहे. आपण बोलायला लागलो की तोंड फिरवते. सरळ बघ म्हटलं की रडते."

राजरत्न तिला घेऊन घरी आला. घरी आल्यावर ओट्यावर तिच्यासमोर बसला.

"मैत्रेयी, सर बोलतात तेव्हा तू त्यांच्याकडे का बघत नाहीस?"

"बघते."

"तोंड फिरवतेस म्हणाले."

"तसंच बघायचं असतं ना? सरळ बघितलं की मधे वाफ येते."

"वाफ?"

"आंघोळीच्या पाण्यावर येते तशी. मग थोडं बाजूला बघितलं की जाते." तिला नवल वाटलं. "तुम्हाला नाही येत?"

राजरत्न तिच्याजवळ सरकला. "मग मी कसा दिसतो तुला?"

"कानाकडे बघितलं की तुमचं तोंड दिसतं."

"कोणत्या कानाकडे?"

तिने बोट त्याच्या डाव्या कानाला लावलं. मग मान जराशी वळवली आणि त्या कानाकडे टक लावून बघत राहिली. "पप्पा, तुमची इकडची पापणी कमी हलते," ती म्हणाली. "आणि मिशीत एक केस पांढरा आहे."

राजरत्न हसायला गेला आणि थांबला. पोर त्याच्याकडे इतकी वर्षं बघत होती, पापणी आणि मिशीचा केस मोजून घेईपर्यंत बघत होती. त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ तिच्या डोळ्यात बघत राहिला. तिला कंटाळा आला आणि ती सुटून पळाली, तेव्हा कुठे तो उठला.

पुढच्या तपासणीला त्याने डॉ. पेठेंना हे सांगितलं. डॉक्टरांनी मैत्रेयीला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. तिने मान वळवली आणि त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा खालच्या ओळी वाचल्या. डॉक्टरांनी तिला पुन्हा वाचायला लावलं, मग खुर्ची ओढून तिच्याजवळच बसल्या.

"हे आम्ही शिकवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मधला डाग जसा पसरला तशी हिने नजर कडेच्या चांगल्या भागावर नेली. आपल्या आपणच. हिला सरळ बघ म्हणू नका कोणी. तिच्यासाठी तेच सरळ आहे."

डॉक्टरांनी शाळेसाठी चिठ्ठी दिली. पहिल्या बाकावर बसवा, मोठं लिहा. हिंदुराव सर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी क्वार्टरवर आले, चहा घेतला आणि मैत्रेयीच्या डोक्यावर हात ठेवून गेले. त्यानंतर ते फळ्यावर इतकं मोठं लिहायला लागले की एका वाक्यात फळा भरायचा, आणि पोरं पुसून पुसून थकायची.

त्याच वर्षी मायाला दिवस गेले.

तिने सांगितलं तेव्हा राजरत्न जेवत होता. त्याने ताट सारलं. "डॉक्टर काय म्हणाल्या होत्या, माहीत आहे ना? अर्धी शक्यता."

"माहीत आहे."

"मग?"

"मग अर्धी नाहीसुद्धा."

"आणि झालं तर? पुन्हा उपाशी ठेवायचं, पुन्हा सुया, पुन्हा डोळा काढायचा? माया, माझ्याच्याने नाही होणार."

माया त्याच्यासमोर बसली. ती ओरडली नाही. "मैत्रेयीला हाक मारू? तिला विचारा, तुला जन्माला घातलं ते चुकलं का. तुमच्या आईला कोणी आधीच सांगितलं असतं, पोराचा डोळा जाणार म्हणून, आणि त्यांनी नको म्हटलं असतं, तर मी कोणाच्या उजव्या बाजूला बसले असते?"

राजरत्न उठून बाहेर गेला आणि क्वार्टरच्या पायरीवर बसला. समोर मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. थोड्या वेळाने अंजना चहा घेऊन आली आणि त्याच्या शेजारी बसली. भिंत पातळ होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"तू बसलायस ना, तशी मी बसायचे," ती म्हणाली. "तू शाळेला गेलास की इथेच. हाताकडे बघत. हे म्हणायचे, अगं काय बघतेस सारखं? मी काय सांगू?"

"माझं वेगळं आहे, आई. तुझं काजळ खोटं निघालं. माझं खरं आहे. माझ्यातूनच गेलं तिला."

"गेलं. आणि तुला कुठून आलं? आलं असेल माझ्यातून, नाहीतर ह्यांच्यातून, नाहीतर उगाच कुठून. मग मी काय करू, तुला जन्म दिला म्हणून तुझी माफी मागू?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मग तूही मागू नको. पोर तुझ्याजवळ तुझी माफी ऐकायला येत नाही. गणितं सोडवायला येते. तिची गणितं घे."

राजरत्न चहा प्यायला. कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मला भीती वाटते, आई."

"वाटणारच," अंजना म्हणाली. "मला काय वाटत नाही? पण त्या वेळी मला काय झालंय तेच माहीत नव्हतं. तुला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे." तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि अंधार पडेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले.

मुलगा झाला. डॉ. पेठेंनी आधीच बजावून ठेवलं होतं, पहिल्या आठवड्यातच आणायचं, काही दिसत असो वा नसो. राजरत्न आणि माया त्याला दुपट्यात गुंडाळून घेऊन गेले. इतक्या लहान बाळाला तपासणीपुरती गुंगी लागत नाही, फक्त कोणीतरी डोकं घट्ट धरावं लागतं. नर्स पुढे झाली. राजरत्न म्हणाला, "मी धरतो."

बाळ तोंड लाल करून रडत होतं. राजरत्नने दोन्ही तळव्यांत ते डोकं धरून ठेवलं आणि या वेळी भिंतीकडे बघितलं नाही. डॉक्टर कपाळावरच्या दिव्याने, हातातल्या भिंगातून बराच वेळ बघत होत्या.

"आहे," त्या म्हणाल्या. "डाव्यात एक. खसखशीच्या दाण्याएवढी, आणि पार कडेला. उजवा आज तरी स्वच्छ आहे."

माया खाली बसली. राजरत्नने बाळाच्या डोक्यावरचे हात काढले नाहीत. "उष्णता द्यायची?" त्याने विचारलं.

"द्यायची. एवढ्याशा गाठीला औषधंसुद्धा लागू नयेत. मैत्रेयीच्या वेळी आपण उशिरा पोचलो होतो. या वेळी गाठीच्या आधी आपण पोचलोय म्हणा ना."

बाळाचं नाव ठेवलं सुमेध. दोन महिन्यांनी त्याच्या उजव्या डोळ्यातही एक ठिपका दिसला, तोही कडेलाच. त्यालाही लेसर दिला, दोनदा द्यावा लागला. दोन्ही ठिपके मरून पांढरे डाग होऊन बसले. औषधांची सुई त्याला लागली नाही. डोळा काढायचा तर प्रश्नच आला नाही.

त्यातल्या एका फेरीला मैत्रेयी बरोबर होती. भाऊ आत गेल्यावर तिने डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, "त्याच्या डोळ्यात वाफ येणार का?"

"नाही. त्याचे डाग कडेला आहेत. मधलं सगळं चांगलं आहे."

"म्हणजे तो सरळ बघणार?"

"सरळ बघणार."

मैत्रेयीचा चेहरा जरासा पडला. "मी त्याला कानाकडे बघायला शिकवणार होते," ती म्हणाली. डॉक्टरांनी तिला जवळ ओढून घेतलं. "दुसरं काहीतरी शिकव. पोहायला शिकव, नाहीतर भांडायला." ती म्हणाली, भांडायला शिकवते.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात दोघांची तपासणी एकाच दिवशी आली. मैत्रेयी नऊ वर्षांची झाली होती. तिला आता गुंगी लागत नव्हती, खुर्चीत बसून हनुवटी पट्टीवर टेकवून ती शहाण्यासारखी तपासून घ्यायची. डॉक्टरांनी खूप वेळ बघितलं. मधला डाग आता वाढायचा थांबला होता. कडा शांत होत्या. सुमेधच्या डोळ्यांतही वर्षभरात नवीन काही उगवलं नव्हतं.

"तुझं आता वर्षातून एकदाच," डॉक्टर म्हणाल्या. "पण जन्मभर. विसरायचं नाही. आणि मोठी झालीस, तुला बाळ झालं, की पहिल्या आठवड्यात त्याला घेऊन यायचं."

राजरत्नला वाटलं, हे एवढ्याशा पोरीला कशाला सांगायचं? पण मैत्रेयी घाबरली नाही. तिने डॉक्टरांच्या कानाच्या बाजूला नजर लावून विचारलं, "तेव्हा तुम्ही असाल?"

"असेन तर म्हातारी असेन. नसले तर दुसरी कोणीतरी डॉक्टर असेल. तिला सांगायचं, माझे डाग बघा आधी, मग बाळाचे बघा. ती तुझ्याकडून पुष्कळ शिकेल."

बाहेर पडेपर्यंत सुमेध भुकेने रडून रडून दमला होता. घरी न जाता ते तसेच उल्हासनगरला गेले, मायाच्या भावाकडे. मुकेशचा कॅम्प चारला जीन्स शिवायचा कारखाना होता, घराच्या खालच्याच मजल्यावर. सगळीकडे निळ्या कापडाच्या चिंध्या पसरलेल्या, मशीनं चालू. मुकेशने बहिणीचा चेहरा बघितला आणि काही न विचारता समोरच्या सिंधी गाडीवाल्याकडून सगळ्यांसाठी दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कडक तळलेल्या पुऱ्या, मागवलं.

"क्या बोली डॉक्टर?" त्याने मग विचारलं.

"वर्षाने या म्हणाल्या," माया म्हणाली. बोलता बोलता तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

सुमेधने डाळीत बुडवलेला पकवान दोन्ही हातांनी धरून खाल्ला, अंगावर सांडला, अजून मागितला आणि दुसरा अर्धा झाल्यावर बापाच्या मांडीवर तसाच झोपून गेला. मैत्रेयी चिंध्यांच्या ढिगावर चढून मामाच्या कारागिराशी खिशाच्या रंगावरून वाद घालत होती. राजरत्नचा हात पोराच्या मानेखाली अडकून मुंग्या आल्यासारखा झाला होता.

"दे इकडे, खाली गादीवर टाकतो त्याला," मुकेश म्हणाला.

"राहू दे," राजरत्न म्हणाला. "आत्ताच झोपलाय."